नोंद झाली, पासवर्डचे काय?

जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये नवा वापरकर्ता डेटाबेसमध्ये नोंदवायला एक ओळ पुरते आणि ती चुकायलाही फारसे कष्ट पडत नाहीत. ‘क्रिएट’ ही सर्वसाधारण आज्ञा हाती दिलेले सारे जसेच्या तसे रकान्यात उतरवते. पासवर्ड ‘आंबा१२३’ असेल तर टेबलातही ‘आंबा१२३’च दिसतो. ‘क्रिएट_यूजर’ ही वापरकर्त्यांसाठीची खास आज्ञा मात्र आधी पासवर्डचे हॅशिंग करते, मग नोंद साठवते.

हॅशिंग हे दळणासारखे असते. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. पण एकाच पासवर्डचा हॅश दर वेळी सारखाच येतो, त्यामुळे नेहमीच्या पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवणाऱ्या चोराचे काम सोपे होते. म्हणून प्रत्येक पासवर्डात वेगळी यादृच्छिक अक्षरे, म्हणजे सॉल्ट, मिसळतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्समधल्या या युक्तीविषयी १९७९ मध्येच लिहिले होते. तरी २०१२ मध्ये लिंक्डइनमधून चोरीला गेलेल्या हॅशांत सॉल्ट नव्हतेच!

जँगोच्या रकान्यात पद्धतीचे नाव, हॅशिंगच्या आवर्तनांची संख्या, सॉल्ट आणि हॅश असे चार तुकडे डॉलरच्या चिन्हांनी जोडलेले असतात. ४.२ आवृत्तीत ही आवर्तने ६ लाख होती, ५.२ मध्ये १० लाख झाली. इतक्या आवर्तनांमुळे हॅशिंग संथ होते आणि हा संथपणा मुद्दाम ठेवलेला आहे. लॉगिन करणाऱ्याला तो जाणवत नाही, कोट्यवधी पासवर्ड लावून पाहणाऱ्याला जाणवतो.

आता चाचणी. वापरकर्ता तयार करायचा आणि नोंदींची संख्या एक झाली का ते पाहायचे, एवढ्यावर बरेच जण थांबतात. ही चाचणी चुकीच्या आज्ञेनेही पास होते. म्हणून रकान्यात मूळ पासवर्ड नाही ना, हे तपासावे लागते. शिवाय पासवर्ड पडताळणाऱ्या ‘चेक_पासवर्ड’ आज्ञेने खऱ्या पासवर्डला होकार आणि खोट्याला नकार द्यायला हवा. उघडा साठवलेला पासवर्ड असेल, तर खऱ्यालाही नकारच मिळतो, कारण रकान्यातल्या मजकुरावरून हॅशिंगची पद्धतच ओळखता येत नाही.

चाचण्यांसाठी जँगो वेगळा डेटाबेस उभा करते, त्यामुळे खऱ्या नोंदींना धक्का लागत नाही. वेळ मात्र जातो. शेकडो चाचण्यांत दर वेळी लाखो आवर्तने नकोत, म्हणून चाचणीच्या सेटिंगमध्ये एमडी५ ही झटपट, कमकुवत पद्धत लावतात. ते सेटिंग वेगळ्या फाइलीत असावे. चुकून ते खऱ्या सर्व्हरवर गेले, तर नवे पासवर्ड एमडी५नेच हॅश होतील आणि वरच्या साऱ्या चाचण्या तरीही पास होत राहतील.