पाहुण्यांच्या गाडीला जागा कोठे?

दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी आणि लग्नसराई हे जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी माणसे परतून येण्याचे दिवस. पुण्या-मुंबईकडे नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मुले, सासरी गेलेल्या लेकी, जावई, व्याही ही सारी मंडळी या दिवसांत येतात. जामखेडला रेल्वे पोहोचलेली नाही. त्यामुळे एके काळी ही मंडळी एस. टी.ने येत आणि स्टँडवरून सामान उचलून पायी घरी जात. आता बहुतेकजण स्वतःच्या गाडीने येतात. यात तक्रार करण्याजोगे काहीच नाही. परंतु घराच्या दारात पोहोचताच त्यांच्या स्वागतापूर्वी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो म्हणजे गाडी कोठे लावायची?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पाण्याचे टँकर, पिकांचे भाव, शिक्षकांच्या बदल्या असे विषय समोर असताना मोटारींच्या जागेची चिंता ही सुखवस्तूंची चिंता आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु गृहरचना संस्थांमधून आणि बिगरशेती प्लॉटांवर उभ्या राहिलेल्या वसाहतींतून राहणारा वर्ग प्रामुख्याने शिक्षकांचा, कारकुनांचा आणि निवृत्तांचा आहे. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज घालून त्याने हे घर घेतलेले असते. त्या घरी लेक येते आणि शेजाऱ्याशी होणाऱ्या वादाच्या धास्तीने संध्याकाळीच परत निघते, तेव्हा त्या घराच्या सुखातला एक मोठा भाग हरवलेला असतो. अतिथीला देव मानणाऱ्या संस्कृतीचे गोडवे गाणाऱ्या आपण, या देवाच्या वाहनासाठी पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद एवढी जागा राखू नये, यात विसंगती आहे.

टंचाई कशाची?

ही टंचाई निर्माण कशी झाली, हे आधी पाहिले पाहिजे. महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा आणि सदनिकांच्या विक्रीचे नियमन करणारा कायदा १९६३ चा. त्या काळात मध्यमवर्गीयाला स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मोटार तर स्वप्नातही नसे. मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली ती डिसेंबर १९८३ मध्ये. त्यापूर्वीच्या इमारती आणि वसाहती आखणाऱ्यांनी मोटारींचा विचार केला नाही, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. दोष द्यायचा तो त्यानंतरच्या चाळीस वर्षांना. वाहने घरोघरी येत असताना आपण आखणीची जुनीच मापे वापरत राहिलो.

नियम अजिबात नाहीत असे मात्र नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून सर्व महाराष्ट्रासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. जामखेडची नगरपरिषदही तिच्याच कक्षेत येते. निवासी इमारतीत रहिवाशांच्या वाहनांखेरीज पाहुण्यांसाठी पाच टक्के जागा अधिक ठेवावी, असे ही नियमावली सांगते. हिशेब सोपा आहे. वीस गाड्यांची जागा असलेल्या इमारतीत पाहुण्यासाठी एक जागा. एरवीच्या दिवसाला ती कदाचित पुरेलही. सणाच्या दिवशी ती अपुरी पडणार हे सांगायला तज्ज्ञ नको. परंतु खरे दुखणे याहून वेगळे आहे. नकाशावर असलेली ती एक जागासुद्धा प्रत्यक्षात पाहुण्याला मिळत नाही. तिथे कोणा सभासदाची दुसरी गाडी कायमची उभी असते, किंवा ताडपत्रीखाली झाकलेली, महिनोन्‌महिने न हललेली जुनी मोटार असते. म्हणजे टंचाई जागेची आहे त्याहून अधिक वाटपाची आहे.

जागा कोणाच्या मालकीची?

या वाटपाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. ‘आम्ही बिल्डरला पार्किंगचे वेगळे पैसे मोजले आहेत’ हे वाक्य प्रत्येक सोसायटीच्या सभेत ऐकू येते. या वाक्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच लावला आहे. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहरचना संस्थेच्या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने असे ठरविले की, इमारतीखालची खांबांमधली जागा किंवा आवारातली उघडी जागा बिल्डरला स्वतंत्र वस्तू म्हणून विकता येत नाही. ती सर्व सदनिकाधारकांच्या सामाईक सोयीची जागा आहे. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने उघड्या पार्किंगची गणना सामाईक क्षेत्रातच केली. छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेले गॅरेज ही गोष्ट वेगळी. पांढऱ्या रंगाने आखलेला चौकोन म्हणजे गॅरेज नव्हे.

गृहरचना संस्थांचे आदर्श उपविधी याच तत्त्वावर आधारलेले आहेत. पार्किंगच्या जागेचे वाटप संस्था करते. सभासदाला ती वापरायला मिळते, विकायला किंवा दुसऱ्याला देऊन टाकायला मिळत नाही. साधारणतः एका सभासदाला एकच जागा. ज्याच्याकडे एकही जागा नाही असा गरजू सभासद शिल्लक नसेल तरच दुसऱ्याला दुसरी जागा द्यायची, तीही वर्षापुरती. मागणी अधिक आणि जागा कमी असेल तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निर्णय करायचा. इतकी स्वच्छ व्यवस्था कागदावर असताना किती संस्थांनी ती प्रत्यक्षात आणली असेल, याचे उत्तर वाचकांनी आपापल्या आवारात डोकावून स्वतःलाच द्यावे.

वसाहतीतला रस्ता

जामखेडसारख्या गावी बहुमजली इमारतींपेक्षा प्लॉटांच्या वसाहती अधिक. तिथे पार्किंग म्हणजे घरासमोरचा रस्ता. हा रस्ता नऊ मीटरचा आहे असे धरू. दोन्ही बाजूंनी पायऱ्या, ओटे आणि गाडी आत घेण्यासाठी केलेले उतार एकेक मीटर पुढे आलेले असतात. राहिले सात मीटर. दोन्ही कडांना एकेक मोटार उभी राहिली की साडेतीन मीटर गेले. उरलेल्या साडेतीन मीटरांतून अडीच मीटर रुंदीचा अग्निशामक बंब कसाबसा जाईल. पण लग्नघरी आलेल्या एखाद्या पाहुण्याने आपली गाडी जरा तिरकी लावली, की तोही जाणार नाही. रुग्णवाहिकेची गोष्ट याहून वेगळी नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या वृद्धाला अशा वेळी खाटेवर घालून कोपऱ्यापर्यंत न्यावे लागेल, आणि त्या चार मिनिटांची किंमत कोणत्याही शेजाऱ्याला पुढे भरून देता येणार नाही.

‘माझ्या दारासमोरचा रस्ता माझा’ ही समजूतही येथे तपासून पाहण्याजोगी आहे. पाहुण्याने गाडी लावू नये म्हणून दारापुढे दगड, कुंड्या, जुने टायर मांडून ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. सार्वजनिक रस्त्यावर असा हक्क कोणालाही नाही. त्याचबरोबर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे रस्त्यावर इतरांना अडथळा किंवा धोका होईल अशा रीतीने वाहन उभे करून ठेवण्याचाही हक्क कोणाला नाही. म्हणजे कुंडी ठेवणारा आणि फाटक अडवणारा, दोघेही एकाच चुकीचे वाटेकरी आहेत.

उपाय अवघड नाहीत

पहिला उपाय मोजणीचा. आवारात जागा किती, सभासदांची वाहने किती, त्यांतली रोज वापरली जाणारी किती आणि नुसतीच पडून असलेली किती, याची नोंद एका रविवारी दोघा-तिघांनी मिळून करता येते. न हलणाऱ्या गाड्यांना मुदत देऊन त्या हलवायला लावल्या, तरी काही जागा मोकळ्या होतील.

दुसरा उपाय आखणीचा. मोटारीच्या एका जागेत दुचाक्या सहज सहा मावतात. आज त्या वाटेल तशा विखुरलेल्या असतात आणि दोन दुचाक्या एका मोटारीची जागा अडवतात. दुचाक्यांसाठी एक कोपरा स्वतंत्र आखला, की मोटारींची जागा आपोआप मोकळी होते. आणि पाहुण्यांची म्हणून जी जागा ठरेल ती फाटकाजवळ, वेगळ्या रंगाने आखलेली आणि ‘पाहुण्यांसाठी’ असे स्पष्ट लिहिलेली असावी.

तिसरा उपाय वेळेचा. पाहुण्यांची जागा ही पाहुण्यांच्याच वेळेपुरती असली पाहिजे. दिवसा येणाऱ्याला काही तास, मुक्कामाला येणाऱ्याला दोन किंवा तीन रात्री, अशी मर्यादा सभेने ठरवावी. फाटकावरच्या वहीत गाडीचा क्रमांक, कोणाकडे आले ते घर आणि येण्याची वेळ लिहिली जावी. घरी कार्य असेल त्याने आठवडाभर आधी समितीला कळवावे. मर्यादेपलीकडे थांबणाऱ्या गाडीला आकार लावायला हरकत नाही. मात्र तो आकार सर्वांना सारखा हवा. अध्यक्षांच्या जावयाला सूट आणि भाडेकरूच्या भावाला दंड, असे झाले की नियम त्याच दिवशी संपतो. भाडेकरूच्या घरीही पाहुणे येतात, हे अनेक संस्थांच्या ध्यानातच नसते.

चौथा उपाय गावाच्या पातळीवरचा. शाळांची आणि कचेऱ्यांची आवारे संध्याकाळनंतर आणि सुट्टीच्या दिवशी रिकामी असतात. नेमके तेव्हाच वसाहतींतून पाहुणे येतात. शाळेच्या व्यवस्थापनाने ठराविक दिवशी, ठराविक शुल्क घेऊन आणि स्वच्छतेची हमी घेऊन आवार खुले केले, तर शाळेला चार पैसे मिळतील आणि रस्ते मोकळे राहतील. नगरपरिषदेने लग्नकार्यालयांना परवानगी देताना त्यांच्या स्वतःच्या पार्किंगची खातरजमा केली पाहिजे, हे निराळे सांगायला नको. मात्र वसाहतीच्या ले-आउटमध्ये मुलांच्या खेळासाठी आणि झाडांसाठी सोडलेली खुली जागा वाहनतळ करण्याचा मोह टाळला पाहिजे. पाहुण्याची सोय नातवंडांचे मैदान हिरावून करायची नसते.

दुसऱ्या गाडीचा प्रश्न

या सर्व उपायांना एका टोकाला जाऊन मर्यादा पडते, आणि ती म्हणजे वाहनांची वाढती संख्या. ज्यांना परवडते म्हणून एकाच कुटुंबाला चार-पाच गाड्या बाळगू देणे योग्य नाही, जागा आहे की नाही हे पाहिले पाहिजे, अशा आशयाचे मत मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये, पार्किंगच्या नियमांविषयीच्या एका जनहित याचिकेच्या सुनावणीत व्यक्त केले होते. जपानने १९६२ मध्येच कायदा करून गाडी घेणाऱ्यावर ती ठेवण्याची जागा दाखविण्याची जबाबदारी टाकली. घरापासून दोन किलोमीटरच्या आत अशी जागा असल्याचा पोलिसांचा दाखला तिथे लागतो. असा कायदा आपल्याकडे आज आणला तर खोट्या दाखल्यांचाच बाजार भरेल, ही शंका रास्त आहे. परंतु त्यामागचे तत्त्व सोसायटीच्या आवारात पाळायला कोणाची आडकाठी आहे? दुसरी गाडी घेण्यापूर्वी ती कोठे उभी राहील हे सांगण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, आणि दुसऱ्या गाडीसाठी पहिल्यापेक्षा अधिक आकार देण्याचीही त्याचीच. तो आकार संस्थेच्या खात्यात जमा होऊन सर्वांच्या उपयोगी पडावा.

यावर एक आक्षेप घेतला जातो तो असा की, शेजारधर्मात नियमांची भाषा कशाला; माणसे आपापसांत समजून घेतील. आक्षेपामागची भावना चांगली आहे. पण समजून घेणे बहुधा एकाच बाजूला करावे लागते, आणि ती बाजू दुर्बलाची असते. एकटी राहणारी विधवा, निवृत्त मास्तर, नव्याने आलेला भाडेकरू ही माणसे भांडत नाहीत. त्यांचे पाहुणे येईनासे होतात, एवढेच. नियम असतो तो अशांसाठी. ज्याचा आवाज मोठा आहे त्याला नियमाची गरज कधीच नसते.

आणि जामखेडला तरी हे सांगण्याची आवश्यकता नसावी. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने येथे आरोग्याचे काम सुरू केले. गावाचे आरोग्य गावातल्याच माणसांच्या हाती सोपविता येते, अल्पशिक्षित स्त्रियाही ते समर्थपणे सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसे हे काम पाहायला जामखेडला येऊ लागली. आपल्या अडचणी एकत्र बसून, मोजून, वाटून घेऊन सोडविता येतात हा धडा या मातीत दिला गेला आहे. बालमृत्यूसारख्या कठीण प्रश्नावर जे शक्य झाले, ते गाड्यांच्या जागेबाबत अशक्य आहे असे कोण म्हणेल?

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत दिवाळी येते. हिशेबाला मंजुरी आणि आभारप्रदर्शन यांच्या मध्ये पाहुण्यांच्या पार्किंगचा एक विषय यंदा प्रत्येक संस्थेने कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, त्यावर अर्धा तास शांतपणे बोलावे आणि ठराव लेखी करावा. जिथे संस्था नोंदलेली नाही, अशा वसाहतींनी गल्लीतल्या दहा घरांची बैठक बोलवावी. त्यासाठी निबंधकांच्या परवानगीची किंवा शासनाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.