तातारस्तान: झेंडा आहे, घटना आहे, भाषेचे काय?

रशियाच्या नकाशात मॉस्कोच्या पूर्वेला, रस्त्याने सुमारे आठशे किलोमीटरवर, व्होल्गा नदीच्या काठी कझान शहर आहे. तातारस्तान प्रजासत्ताकाची ही राजधानी. आपल्याकडची वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेलेली मुले या शहरातही शिकतात, त्यामुळे काही घरांत हे नाव कानावरून गेले असेल.

प्रजासत्ताक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्वतंत्र देश येतो. तातारस्तान तसा देश नाही. रशियन संघराज्यात अशी वीसहून अधिक प्रजासत्ताके आहेत. त्यांना स्वतःची घटना, स्वतःचे विधिमंडळ, स्वतःचा झेंडा असतो. सैन्य, चलन आणि परराष्ट्र व्यवहार मात्र मॉस्कोच्या हातात. आपल्या महाराष्ट्राला वेगळी घटना नाही, म्हणजे कागदावर पाहिले तर तातारस्तानचा मान आपल्या राज्यापेक्षा मोठा. पण आम्ही पडलो शिक्षक. कुठल्याही प्रदेशाविषयी वाचताना आम्ही आधी तिथल्या शाळेचे वेळापत्रक शोधतो. तातारस्तानात तातार ही राज्यभाषा म्हणून शिकायची तर आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास मिळतात, आणि तेही पालकांनी लेखी संमती दिली तर. आपले सरकार, आपला झेंडा असूनही हे असे कसे झाले, ते समजून घेण्यासारखे आहे.

तातार ही तुर्की भाषांच्या कुळातली भाषा. तरी तिचे काही शब्द ऐकले तर आपल्या घरातले वाटतील. पुस्तकाला कितап नव्हे, चक्क किताप, लेखणीला कलәम म्हणजे आपली कलमच, धड्याला दर्सवरून आलेला शब्द, परीक्षेला इम्तिहान, इतिहासाला तारीख, जगाला दुनया. वहीला ते दफ्तर म्हणतात. आपल्या मराठी शाळेत तेच दप्तर मुलांच्या पाठीवर असते. अरबीतल्या ‘ऐन’ या अक्षराचा उच्चार ते पुष्कळदा ‘ग’सारखा करतात. म्हणून अब्दुल्लाचा गब्दुल्ला होतो, आलिमजानचा गालिमजान. आभार मानायचे तर ‘रहमत’ म्हणतात. उर्दू येणाऱ्या घरात हे शब्द वाचून दाखवा, मुलांना मौज वाटेल.

या लोकांपर्यंत इस्लाम तलवारीने आलेला नाही. व्होल्गाकाठच्या बल्गार राजाने बगदादच्या खलिफांकडे दीन शिकवणारी माणसे मागितली आणि खलिफा अल-मुक्तदिर यांनी पाठवलेले शिष्टमंडळ मे 922 मध्ये तिथे पोहोचले. त्यातल्या अहमद इब्न फदलान यांनी प्रवासाची हकिकत लिहून ठेवली आहे. ती वाचताना हसू येते. उत्तरेकडचा उन्हाळा, रात्र अगदी छोटी. इब्न फदलान बगदादच्याच एका शिंप्याबरोबर तंबूत इशाच्या अजानची वाट पाहत गप्पा मारत बसले. अजान झाली, बाहेर येऊन पाहतात तो उजाडू लागलेले! अजान फजरची होती. मुअज्जिनने सांगितले की इथे इशा मगरिबबरोबरच पढतात. पुढे हजार वर्षांनीही हा प्रश्न सुटला नव्हता. मूसा जारुल्लाह बिगी या तातार आलिमांनी लांब दिवसांतल्या रोज्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. हे बिगी नंतर परागंदा झाले, काही वर्षे हिंदुस्थानातही राहिले आणि 1949 मध्ये कैरोत वारले.

बल्गारांनंतर मंगोल आले, मग कझानची खानशाही झाली. 1552 मध्ये रशियाचा झार चौथा इव्हान याने कझान जिंकले. मशिदी पाडल्या गेल्या. शहराच्या बचावात इमाम कुल शरीफ मारले गेले, आणि तातारांना शहराबाहेर घालवण्यात आले. त्यानंतरची दोनशे वर्षे फार कठीण गेली. 1767 मध्ये महाराणी कॅथरीन कझानला आली, तेव्हा कुठे दगडी मशीद बांधायची मुभा मिळाली. ती आजची मरजानी मशीद. सोव्हिएत काळातही ती उघडी राहिली.

यापुढचे शतक आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते छापखान्याचे आणि शाळेचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून कझानमध्ये कुरआन शरीफ छापले जाऊ लागले आणि कझानची प्रत दूरदूरच्या मुस्लिम मुलखांत वाचली गेली. शिहाबुद्दीन मरजानी (1818–1889) यांनी आपल्या लोकांचा इतिहास लिहिला आणि डोळे झाकून जुन्याची नक्कल करण्यावर टीका केली. पुढे ‘उसूले जदीद’ म्हणजे नव्या पद्धतीच्या शिक्षणाची चळवळ उभी राहिली. तोवर मकतबात मूल अर्थ न कळता वर्षानुवर्षे पाठ करीत असे. नव्या पद्धतीत ते अक्षराचा ध्वनी ओळखून काही महिन्यांत मातृभाषा वाचू लागे. दीनी तालीम होतीच, जोडीला गणित, भूगोल, इतिहास आला. गालिमजान बारूदी यांचा कझानमधला मुहम्मदिया मदरसा याच वाटेने चालला.

मुलीही मागे राहिल्या नाहीत. इझ-बूबी या खेड्यात बूबी कुटुंबातील भावांनी मदरसा सुधारला आणि त्यांची बहीण मुखलिसा बूबी यांनी मुलींची शाळा चालवली. तिथून शिक्षिका तयार होत. 1911 मध्ये झारच्या पोलिसांनी छापा घातला आणि तिथले काम बंद पडले, पण मुखलिसाबाई शिकवत राहिल्या. 1917 मध्ये रशियातील मुस्लिमांच्या परिषदेने त्यांना काझी म्हणून निवडले. निकाह, तलाक, वारसा असे कौटुंबिक प्रश्न त्यांच्याकडे येत. शंभर वर्षांपूर्वी एका मुस्लिम समाजाने एका आलिम बाईंना हे पद दिले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. 1937 मध्ये स्तालिनच्या राजवटीने त्यांना गोळी घातली.

27 मे 1920 रोजी सोव्हिएत सरकारने तातार स्वायत्त प्रजासत्ताक स्थापन केले. नावात तातार आले, सरकारी कामात तातार भाषाही आली. पण त्याच सरकारने भाषेचे कपडे दोनदा बदलले. तोवर तातार भाषा अरबी लिपीत लिहिली जात होती. 1927 मध्ये ती अधिकृतपणे लॅटिन लिपीत गेली. लोक ती शिकून सरावतात तोच 1939 मध्ये रशियन अक्षरे आली, ज्यांना सिरिलिक म्हणतात. बारा वर्षांत दोन लिप्या!

उर्दू शिकवताना आमचा लिपीशी रोजचा संबंध येतो, म्हणून हे विशेष लागते. 1900 च्या सुमारास जन्मलेल्या आजीने मकतबात अरबी लिपी शिकलेली, तिची मुलगी लॅटिनमध्ये शिकली आणि नातू सिरिलिकमध्ये. तिघांची बोलीभाषा एक, घर एक. पण आजीने लिहिलेला कागद नातवाला वाचता येईना. घरातले कुरआन शरीफ, दुवांच्या वह्या, वंशावळी, कझानला छापलेली शेकडो पुस्तके पुढच्या पिढीला नुसती जपून ठेवण्यापुरती उरली. आपल्या ओळखीत अशी घरे आहेत जिथे आजोबांची उर्दू पत्रे पेटीत आहेत आणि नातवंडांना ‘अलिफ’ ओळखता येत नाही. तिथे तर सरकारचे फर्मानही नव्हते. असो.

दीन मात्र टिकला, आणि तो बऱ्याच अंशी बायकांनी टिकवला. इमामाच्या पत्नीला किंवा दीनी शिक्षण घेतलेल्या बाईला तिथे ‘आबीस्ताय’ म्हणतात. मदरसे बंद झाले, मशिदींना टाळे लागले, तेव्हा या बायका घरातल्या घरात मुलींना दुवा आणि सूरे शिकवत राहिल्या. मय्यतीच्या घरी, बारशाला त्याच पढत.

सोव्हिएत संघ मोडकळीस आला तेव्हा तातारस्तानने 30 ऑगस्ट 1990 रोजी आपले सार्वभौमत्व जाहीर केले. मार्च 1992 च्या सार्वमतात 61 टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. त्याच महिन्यात रशियातल्या बाकीच्या घटकांनी संघराज्य करारावर सह्या केल्या. तातारस्तान आणि चेचन्या यांनी केल्या नाहीत. चेचन्यात पुढे काय झाले ते जगाने पाहिले. तातारस्तानचे अध्यक्ष मिन्तिमेर शायमियेव यांनी वाटाघाटींचा मार्ग धरला आणि फेब्रुवारी 1994 मध्ये मॉस्कोशी वेगळा करार केला. त्यांच्या मुलखात खनिज तेल होते, कामाझ ट्रकचा मोठा कारखाना होता, त्यामुळे बोलायला जोरही होता. शायमियेव यांच्या राजकारणावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण तिथल्या आयांची मुले रणांगणावर मेली नाहीत, हे आम्ही लहान मानत नाही.

या काळात तातार आणि रशियन या दोन राज्यभाषा झाल्या. प्रजासत्ताकातल्या प्रत्येक मुलाला, मग ते रशियन का असेना, शाळेत तातार शिकावी लागे. कझानच्या किल्ल्यात, जुन्या चर्चपासून थोड्याच अंतरावर, कुल शरीफ मशीद नव्याने उभी राहून 2005 मध्ये उघडली. 1999 मध्ये तातारस्तानने लॅटिन लिपी परत आणण्याचा कायदा केला. तो मॉस्कोने चालू दिला नाही. 2002 मध्ये केंद्राने कायदा केला की प्रजासत्ताकांच्या राज्यभाषा सिरिलिकमध्येच लिहायच्या, आणि 2004 मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो उचलून धरला. आपल्या भाषेची अक्षरे ठरवण्याचा हक्कही प्रजासत्ताकाकडे राहिला नाही.

2017 च्या उन्हाळ्यात 1994 पासून चालत आलेल्या कराराची मुदत संपली, ती पुन्हा वाढवली गेली नाही. त्याच जुलैत राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी जाहीरपणे म्हटले की जी मातृभाषा नाही ती शिकण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. लगेच सरकारी वकिलांनी शाळांची तपासणी सुरू केली. नोव्हेंबरात तातारस्तानच्या विधिमंडळाने मान तुकवली आणि तातार ऐच्छिक झाली.

न्यायाने बोलायचे तर रशियन पालकांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. प्रजासत्ताकात तातार निम्म्याहून थोडे अधिक, रशियन चाळीस टक्क्यांच्या आसपास. आपल्या मुलाचे तास त्याच्या उपयोगाच्या नसलेल्या विषयात जातात, असे त्यांना वाटे. शिवाय दहा वर्षे शिकूनही मुलाला दोन वाक्ये बोलता येत नसतील, तर शिकवण्याच्या पद्धतीतही दोष असणार. हे आम्ही आमच्या धंद्यातल्या अनुभवाने म्हणतो. पण ऐच्छिक हा शब्द वाटतो तेवढा मोकळा नसतो. 2009 पासून शालान्त राज्यपरीक्षा फक्त रशियनमध्ये होते आणि तिच्याच गुणांवर विद्यापीठात प्रवेश मिळतो. मग घरी तातार बोलणारे आईबापही विचार करतात, तो तास गणिताला गेला तर बरे.

2010 च्या जनगणनेत रशियाभर सुमारे 42.8 लाख लोकांनी तातार येते असे सांगितले होते. 2021 मध्ये हा आकडा 32.6 लाखांवर आला. अकरा वर्षांत दहा लाख बोलणारे कमी. या दुसऱ्या जनगणनेच्या अचूकतेवर तातार मंडळींचे आक्षेप आहेत. पण उतार कुठल्या दिशेने आहे यावर त्यांच्यातही वाद नाही.

2021 च्या केंद्रीय कायद्याने प्रजासत्ताकांच्या प्रमुखाला ‘प्रेसिडेंट’ म्हणवून घ्यायची बंदी आली. मग तातारस्तानने 2023 मध्ये घटना बदलून रुस्तम मिन्निखानोव यांना ‘रईस’ ही पदवी दिली. आपल्या बोलण्यात रईस म्हणजे पैसेवाला माणूस, अरबीत प्रमुख. हुद्द्याचे रशियन वळण गेले आणि अरबी मूळ परत आले, हा त्यातला गमतीचा भाग.

गब्दुल्ला तुकाय हा तातारांचा लाडका कवी. लहानपणीच पोरका झाला, 1913 मध्ये ऐन सव्विसाव्या वर्षी क्षयाने गेला. 26 एप्रिल हा त्याचा जन्मदिवस तिथे तातार भाषेचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी कझानमध्ये त्याच्या पुतळ्यापाशी फुले वाहतात, लहान मुले कविता म्हणतात. नवे मूल शाळेत घालताना आईबापांपुढे एक अर्ज येतो. मातृभाषा म्हणून मूल कोणती भाषा शिकणार, हे त्यात लिहायचे असते. तातार लिहिता येते, रशियनही लिहिता येते. तो अर्ज भरून खाली सही करायची.