इंकांची वाट आणि हमालांची पाठ

कुस्कोहून माचू पिच्चूकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ८२व्या किलोमीटरपाशी एक तपासणी नाके आहे. तेथे दोन गोष्टी बारकाईने पाहिल्या जातात. पर्यटकाच्या पारपत्राचा क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, ही पहिली. आणि त्याच्यासोबत निघालेल्या स्थानिक हमालाच्या पाठीवरील बोचके वजनकाट्यावर किती भरते, ही दुसरी. नाके ओलांडून उरुबांबा नदीचा पूल मागे टाकला, की सुमारे त्रेचाळीस किलोमीटरांची ती पायवाट सुरू होते, जिच्यासाठी जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक पेरू देशात येतात. चार दिवस आणि तीन रात्री चालून चौथ्या दिवशी सकाळी इंतीपुंकू या ‘सूर्यद्वारा’त उभे राहायचे आणि खाली पसरलेले माचू पिच्चूचे भग्नावशेष पाहायचे, असा हा कार्यक्रम असतो.

या वाटेवर दररोज पाचशेच माणसांना प्रवेश मिळतो. कचरा, झिजलेल्या पायऱ्या आणि गर्दी यांमुळे वाटेची दुर्दशा होऊ लागली, तेव्हा या शतकाच्या आरंभी पेरू सरकारने ही मर्यादा घातली. एकट्याने, वाटाड्याविना जाण्यासही तेव्हापासून बंदी आहे. परंतु या पाचशेंची फोड पाहिली म्हणजे प्रवासवर्णनांतून सहसा न येणारी एक बाब ध्यानात येते. पाचशेंपैकी पर्यटक सुमारे दोनशे. उरलेले तीनशे हमाल, आचारी आणि वाटाडे असतात. म्हणजे हौसेने चालणाऱ्या दर दोघांमागे पोटासाठी चालणारी तीन माणसे. साहस म्हणून जिची जाहिरात होते, त्या वाटेवर बहुसंख्या मजुरांची आहे.

तंबू, सतरंज्या, गॅसच्या टाक्या, भांडी, घडीच्या खुर्च्या, मेज, अंडी, भाजीपाला असे सारे काही त्यांच्या पाठीवर असते. वरच्या वाटेवर खेचरे-घोड्यांना मज्जाव आहे, कारण खुरांनी जुन्या दगडी पायऱ्या खिळखिळ्या होतात. दगडांची ही काळजी रास्तच म्हणावी लागेल. तिचा परिणाम मात्र असा, की जनावरांनी वाहावयाचे ओझे माणसांकडे आले.

वाट सोपी नाही. पहिला दिवस नदीच्या खोऱ्यातून, पाटाल्याक्ता येथील अर्धवर्तुळाकार शेतपायऱ्या पाहत सुखाने जातो. दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का, म्हणजे ‘मृत स्त्रीची खिंड’, चढावी लागते. डोंगराची आकृती उताण्या निजलेल्या स्त्रीसारखी दिसते, म्हणून हे नाव. खिंडीची उंची ४,२१५ मीटर आहे. कळसूबाईच्या उंचीची अडीचपट केली तरी ती या खिंडीहून शंभर मीटरांनी कमीच भरते. येथे हवा विरळ, दर दहा पावलांवर धाप लागते, डोके ठणकते. पर्यटक हातातील काठीवर भार टाकून उभा असतो आणि त्याच्या बाजूने पाठीवर वीस किलो घेतलेला हमाल, पुष्कळदा जुन्या टायरच्या रबराचे पायताण घालून, जवळजवळ धावत पुढे जातो. त्याला मुक्कामावर आधी पोहोचून तंबू उभारायचे असतात, पाणी तापवायचे असते. पर्यटकांच्या पत्रांतून आणि पुस्तकांतून या दृश्याचे कौतुक फार असते. ‘हे लोक डोंगरातच जन्मलेले, त्यांना याचे काही वाटत नाही’ हा त्या कौतुकाचा नेहमीचा शेवट. गुडघे आणि कंबर ही कोठल्याही उंचीवर जन्मलेल्या माणसाची सारखीच झिजतात, हे सांगण्यास वैद्याची गरज नाही.

तिसरा दिवस या वाटेचे खरे वैभव. रुंकुराकाय, कड्याच्या टोकावरचे सायाकमार्का, ढगांवर तरंगल्यासारखे वाटणारे फुयुपातामार्का आणि सायंकाळी विन्याय वायना. पाण्याचे दगडी पाट आजही वाहतात. कातळ फोडून काढलेले बोगदे आहेत. दरीच्या काठाने वाट जेथे अरुंद होते तेथे खालून दगडांची भिंत बांधून ती तोलून धरली आहे. लोखंडाचे हत्यार नसताना आणि वाहनासाठी चाकाचा उपयोग होत नसताना हे काम झाले. दक्षिणेस आजच्या चिली-अर्जेंटिनापासून उत्तरेस कोलंबियापर्यंत पसरलेल्या तीस हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या ‘कापाक न्यान’ या मार्गजाळ्याचा हा एक लहानसा फाटा आहे. सहा देशांतून जाणाऱ्या त्या जाळ्याची जागतिक वारशात नोंद २०१४ साली झाली. माचू पिच्चूची १९८३ मध्येच झाली होती.

हे रस्ते प्रजेच्या सोयीसाठी नव्हते. ते राज्याचे होते. त्यांवरून फौजा जात, निरोप पोहोचविणारे ‘चास्की’ धावत, धान्य आणि कापडाने लादलेले लामांचे तांडे जात. सामान्य माणसाला मनास येईल तेव्हा या वाटांवर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. त्या अर्थी आजची परवानापद्धती म्हणजे जुन्याच रीतीची नवी आवृत्ती ठरते.

रस्ते बांधले ते ‘मिता’ने. केचुआ भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘पाळी’. प्रत्येक गावाने आपापल्या पाळीनुसार राज्यासाठी माणसे द्यायची. पैसा हे चलन नव्हते; कर श्रमाच्या रूपानेच भरला जाई. कामावर असेपर्यंत राज्य त्या माणसाला जेवू घाली, मक्याची दारू देई. काही इतिहासकारांनी यात समाजवादाची पहाट पाहिली. तो भाबडेपणा होता. पाळी नाकारण्याचा हक्क नसेल तर तिला वेठ म्हणणेच इष्ट. तरीही त्या व्यवस्थेत ओझे वाहण्याला हीन मानले जात नव्हते, हेही खरे. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथे पिसारोच्या सैनिकांनी इंका सम्राट आतावाल्पाच्या पालखीवर झडप घातली. भोयांचे हात तोडले गेले, तरी ते खांद्यांनी पालखी उचलून धरीत राहिले, असे त्या स्पॅनिश स्वारीतील लोकांनीच लिहून ठेवले आहे. ते भोई साधेसुधे नव्हते, प्रतिष्ठित सरदार होते. सम्राटाची पालखी वाहणे हा मान होता.

स्पॅनिश सत्तेने मान काढून घेतला आणि ओझे तेवढे ठेवले. १५७०च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो याने ‘मिता’ हाच शब्द उचलून तो पोतोसीच्या चांदीच्या खाणींना लावला. कुस्कोपासून खाली पसरलेल्या प्रांतांतून दरवर्षी प्रौढ पुरुषांचा सुमारे सातवा हिस्सा त्या खाणींकडे हाकला जाई. १८१२ मध्ये ही पद्धत कायद्याने संपली. पण जमीन मोठ्या जहागीरदारांच्याच हाती राहिली आणि तिच्यावर राबणारा केचुआ शेतकरी धन्याच्या घरी विनामूल्य चाकरी करीत राहिला. १९६९ मध्ये जनरल बेलास्को यांच्या लष्करी राजवटीने जमीनसुधारणा केली तेव्हा कोठे हे जू उतरले. त्याच राजवटीने १९७५ मध्ये केचुआ ही राजभाषा ठरविली. ज्यांच्या पूर्वजांनी हा रस्ता बांधला, त्यांच्या भाषेला सरकारी कचेरीत पाऊल ठेवण्यास एवढा काळ लागला.

माचू पिच्चूच्या तथाकथित शोधाची कथाही ओझेवाल्यांवाचून पुरी होत नाही. येल विद्यापीठाचे अध्यापक हायरम बिंगम २४ जुलै १९११ रोजी तेथे पोहोचले. मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने एका चांदीच्या ‘सोल’ नाण्याच्या मोबदल्यात त्यांना वाट दाखविली. वर दोन-तीन शेतकरी कुटुंबे जुन्या शेतपायऱ्यांवर पीक काढीत होती. त्यांच्यातील एका लहान मुलाने अवशेष हिंडून दाखविले. एका भिंतीवर लिसारागा हे नाव आणि १९०२ हे साल आधीच लिहिलेले होते. त्या मोहिमेसाठी हमाल कसे मिळविले, हे बिंगमनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. स्थानिक अंमलदार भेटीस आलेल्या माणसाशी हस्तांदोलन करी आणि त्याच्या तळहातात चांदीचे नाणे सरकवी. नाणे हाती पडले की तो माणूस कामाला बांधला जाई. नकार देण्याची सोय उरत नसे. मोहिमांतून नेलेल्या वस्तू परत मिळविण्यासाठी पेरूला येलशी दीर्घकाळ झगडावे लागले. २०१० मध्ये करार झाला आणि त्या वस्तू कुस्कोला परतल्या. मोहिमेच्या हमालांची बाकी कोणी मागितलेली ऐकिवात नाही. १९४३ मध्ये पाब्लो नेरुदा या अवशेषांत येऊन गेला आणि हे दगड ज्यांनी उपाशीपोटी वाहिले ते कोठे आहेत, असा सवाल त्याने आपल्या दीर्घ काव्यातून केला. त्या काव्याची भाषांतरे जगभर वाचली जातात.

त्यानंतर पर्यटन आले आणि वाट पुन्हा हमालांनी भरली. ओयांतायतांबोच्या वरच्या अंगाची गावे, लारेसचे खोरे अशा ठिकाणांहून बटाट्याची शेती करणारे तरुण हंगामात येऊ लागले. पस्तीस-चाळीस किलोंची ओझी, फाटक्या चपला, ठरलेल्यापेक्षा कमी रोजगार, या तक्रारी गेल्या शतकाच्या अखेरीस इतक्या वाढल्या, की डिसेंबर २००१ मध्ये पेरूच्या संसदेला हमालांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ओझ्याची कमाल मर्यादा वीस किलो, किमान रोजंदारी, जेवण, निवारा आणि विमा ही त्याची मुख्य कलमे. २०२२ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. अलीकडे स्त्रियाही या कामावर येऊ लागल्या आहेत, म्हणून त्यांच्यासाठी पंधरा किलोंची वेगळी मर्यादा घातली गेली.

वीस किलो ही मर्यादा कशी आहे, याची कल्पना लामाच्या तुलनेने यावी. लामा पंचवीस-तीस किलो वाहतो. त्याहून अधिक लादले की तो बसकण मारतो आणि उठवू गेल्यास अंगावर थुंकतो. माणसाला ही सोय नाही. म्हणूनच कायदा लागतो आणि कायद्याला पळवाटाही लागतात. नाक्यावर वजन होण्यापूर्वी काही ओझे वाटाड्याच्या वा पर्यटकाच्या पाठीवर द्यायचे आणि नाके नजरेआड होताच ते पुन्हा हमालाच्या बोचक्यात भरायचे, ही युक्ती या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. निवाऱ्याचे म्हणाल, तर पर्यटकांचे जेवण आटोपेपर्यंत हमालांनी थंडीत बाहेर थांबायचे आणि मग त्याच जेवणाच्या तंबूत, ओल्या जमिनीवर, दाटीवाटीने झोपायचे, ही अनेक ठिकाणची रीत. पुरवठादारांतील चुरस हे याचे मूळ कारण. सहल स्वस्त करायची तर परवान्याचे शुल्क कमी करता येत नाही, आगगाडीचे तिकीट कमी करता येत नाही. कमी करता येते ती माणसांची संख्या. सात हमालांचे काम पाच हमालांवर आले, की पर्यटकाचे काही पैसे वाचतात.

यावर उपाय म्हणून ही वाटच टाळावी, असे काही सद्भावी पर्यटक म्हणतात. त्या सद्भावनेने हमालाच्या घरची चूल पेटत नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे माचू पिच्चू बंद झाले ते नोव्हेंबरपर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय आंदोलनामुळे ते पुन्हा काही आठवडे बंद राहिले. दोन्ही वेळा आधी उपासमार कोणाची झाली, हे कुस्को परिसरातील गावे सांगतील. ओझे वाहण्याचे काम नको, असे हमाल म्हणत नाही. कायद्यात लिहिलेल्या किलोंइतकेच ओझे आणि कायद्यात लिहिलेला रोजगार, एवढीच त्याची मागणी आहे. ती पुरी करण्यास वजनकाटा पहिल्या नाक्यावर असून भागत नाही, पुढच्या मुक्कामांवरही असावा लागतो. आणि सहल ठरविताना पर्यटकाने तंबूच्या प्रतीबरोबर हमाल किती आणि ते झोपतात कोठे, हेही विचारावे लागते. हे विचारणारे जसजसे वाढले, तसतशी काही पुरवठादारांना हमालांची पायताणे आणि अंथरुणे जाहिरातीत दाखविण्याची गरज भासू लागली, ही चांगली खूण आहे.

चौथ्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास विन्याय वायनाजवळच्या मुक्कामावर पर्यटकांना उठविले जाते. सूर्योदयासाठी, असा बहुतेकांचा समज असतो. त्याला दुसरेही एक कारण आहे. तंबू गुंडाळून हमालांना खाली नदीकाठच्या लोहमार्गावर उतरायचे असते. पहाटेची गाडी चुकली तर परतीचा खोळंबा होतो. पर्यटकांची रांग सूर्यद्वाराकडे लागते आणि हमालांची रांग उलट दिशेने दरीत उतरते. माचू पिच्चूत ते जात नाहीत. वर्षानुवर्षे या वाटेवर ओझे वाहूनही ते नगर आतून कधी न पाहिलेले हमाल त्या गाडीत असतात. दुसऱ्या एखाद्या गटाची पाळी आली, की त्यांना परत ८२व्या किलोमीटरवर हजर व्हायचे असते. फेब्रुवारीत मात्र पायऱ्यांच्या दुरुस्तीसाठी ही वाट महिनाभर बंद ठेवली जाते. तेव्हा पावसाळा ऐन भरात असतो आणि गावाकडच्या शेतात त्यांचा बटाटा उभा असतो.