कर्जफेडीचे कौटुंबिक अंदाजपत्रक

कुटुंबाचे उत्पन्न, खर्च व देणी यांची वर्षारंभी मांडणी करून प्रत्येक कर्जाच्या देय दिनांकाला आवश्यक रक्कम हाती राहील अशी केलेली योजना. पगारदाराला ती महिन्याच्या हिशेबाने करता येते. शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न मात्र वर्षातून दोन-तीन वेळा व अनिश्चित प्रमाणात येते, आणि देणी ठरलेल्या तारखांना येतात. हा विसंवाद धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) या अवर्षणप्रवण जिल्ह्यात विशेष जाणवतो.

१८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्याला तो लागू होता, परंतु निजामी राज्यातील या मुलखाला नव्हता. संस्थात्मक कर्जपुरवठा पुढे गावची विविध कार्यकारी सेवा सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि राष्ट्रीयीकृत बँका यांच्याकडे आला.

जिल्ह्यातील खरिपाचे मुख्य नगदी पीक सोयाबीन होय. ते ऑक्टोबरच्या सुमारास निघते, तूर जानेवारीत, हरभरा व ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते. सोसायटीच्या खरीप पीक कर्जाची रूढ मुदत ३१ मार्च असते. म्हणजे ऑक्टोबरमधील पैसा मार्चपर्यंत टिकवणे हेच अंदाजपत्रकाचे खरे काम ठरते, आणि बहुतेक कुटुंबे नेमकी तेथेच अडतात. समजा, पाच एकरांवर १,२०,००० रुपयांचे पीक कर्ज आहे व एकरी सहा क्विंटलप्रमाणे ३० क्विंटल सोयाबीन झाले. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने त्याचे १,५९,८४० रुपये होतात. बाजारात पुष्कळदा त्याहून कमी मिळतात. कृषी सेवा केंद्राची ४०,००० रुपयांची उधारी व कापणी-मळणीचे २५,००० रुपये वजा जाता ९४,८४० रुपये उरतात. घरखर्चाला हात लागण्यापूर्वीच कर्जाला २५,१६० रुपये कमी पडले. ही तूट तूर-हरभऱ्यातून, भूम-वाशी भागात दूध व खव्यातून, किंवा शेळ्या विकून भरून काढावी लागते. म्हणून जोडधंद्याचे उत्पन्न कोणत्या देण्यासाठी राखायचे, हे आधीच लिहून ठेवणे इष्ट असते.

येथे ‘नव्या-जुन्या’चा व्यवहार विचारात घेतला पाहिजे. मार्चअखेर चार-आठ दिवसांसाठी उसनवारी करून जुने कर्ज भरावयाचे, लगेच नवे उचलावयाचे व त्यातून उसनवारी फेडावयाची, ही पद्धत गावोगाव रूढ आहे. खाते नियमित दिसते, पतही राहते. परंतु मुद्दल एक रुपयानेही उतरत नाही. शिवाय नव्या कर्जाची रक्कम उसनवारीत गेल्याने जूनमध्ये बी-खतासाठी उधारी करावी लागते. वरील उदाहरणातील ४०,००० रुपये याच मार्गाने येतात. नवे-जुने करताना निदान काही हजार रुपये स्वतःच्या उत्पन्नातून भरले तरच चक्र सैल होते. व्याज मात्र येथे अडसर नसते. वेळेवर फेड करणाऱ्याला केंद्राची ३ टक्के प्रोत्साहनपर सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना यांमुळे २०२१-२२ पासून ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीक कर्जावर व्याज प्रत्यक्षात पडत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते.

बँकेचे दार बंद झाले की सावकार उरतो. शेकडा तीन रुपये महिना हा दर बोलण्यात किरकोळ वाटतो, पण तो वार्षिक ३६ टक्के होतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जावर ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के अशी मर्यादा ठरवण्यात आली. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही याच अधिनियमात आहे.

फेडीचा इतिहास पतमाहिती कंपन्यांकडे नोंदला जातो. २००५ च्या अधिनियमाने या कंपन्यांचे नियमन होते. त्यांपैकी सिबिल सर्वांत परिचित असून तिचा गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. गृह, वाहन वा वैयक्तिक कर्ज ९० दिवसांहून अधिक थकल्यास अनुत्पादक ठरते. अल्प मुदतीच्या पिकांच्या कर्जाला दोन हंगामांची सूट असते. त्यामुळे पैसा अपुरा असल्यास महिन्याचा हप्ता आधी सांभाळावा, असा व्यावहारिक क्रम निघतो. सोसायटीत परस्परांना जामीन राहण्याची प्रथा आहे; कर्जदार थकल्यास जामीनदाराची पतही धोक्यात येते, हे सही करताना क्वचितच लक्षात घेतले जाते. पीक कर्जासाठी सिबिलची अट घालू नये असे राज्य शासनाने बँकांना बजावले असले, तरी ट्रॅक्टर वा घरासाठी गुणांक पाहिला जातोच.

कर्जमाफीने या हिशेबात मोठी अनिश्चितता आणली. २०१७ च्या योजनेत थकबाकीदारास दीड लाखापर्यंत माफी, तर नियमित फेडणाऱ्यास कमाल २५,००० रुपये. २०१९ च्या योजनेत हेच आकडे २ लाख व ५०,००० होते. वेळेवर फेडणाऱ्याला आपण फसलो असे वाटल्यास नवल नाही. तथापि माफीच्या आशेने थकवलेल्या काळात नवे पीक कर्ज मिळत नाही, आणि तडजोडीने मिटवलेले खाते अहवालात ‘पूर्ण फेड’ असे नव्हे, तर ‘तडजोड’ असेच दिसते.

नापिकीच्या वर्षी अंदाजपत्रक कोलमडणारच. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने परांडा व भूम तालुक्यांत उभी पिके पाण्याखाली गेली. अशा प्रसंगासाठी रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत पुनर्गठनाची तरतूद करण्यात आली: पीकहानी ३३ ते ५० टक्के असल्यास कमाल दोन वर्षे व ५० टक्के किंवा अधिक असल्यास कमाल पाच वर्षे मुदत. पुनर्गठित खाते थकीत धरले जात नाही. मात्र मुदतीपूर्वी शाखेकडे लेखी मागणी करणे श्रेयस्कर. चांगल्या वर्षी भाव पडलेले असल्यास राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचलता येते. ऑक्टोबरचा माल मार्चपर्यंत नेण्याचा हा एक सरळ मार्ग होय.

प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम २०१७ पासून आहे. फेडलेले कर्ज त्यात थकीत दिसल्यास बेबाकी दाखल्यासह तक्रार करता येते. ३० दिवसांत निवारण न झाल्यास तक्रारदाराला दररोज १०० रुपये भरपाई मिळते.