हवेला सातबारा नसतो

विजापूर रोडच्या कडेची शेतं बिगरशेती होत गेली आणि जुळे सोलापूर वसलं, तेव्हापासून इथली जमीन फुटाफुटाने मोजलेली आहे. कंपाउंडची भिंत सहा इंच सरकली तरी शेजारी टेप घेऊन बाहेर येतो. त्याच दोन घरांमधली हवा मात्र कुणी मोजत नाही. सैफुलच्या किंवा आसरा चौकाच्या आतल्या एखाद्या रो-हाउसमध्ये रात्री साडेनऊला मोबाइलवर वायफायची यादी उघडून पाहावी. आपलं नाव शोधायला बोट फिरवावं लागतं, इतकी शेजाऱ्यांची नावं आपल्या दिवाणखान्यात हजर असतात. ही सगळी नेटवर्कं एकाच हवेत बोलतात आणि त्या हवेचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही. राउटरच्या सेटिंगमधली निम्मी कलमं वेग वाढवण्यासाठी नसून ही सामाईक हवा वाटून घेण्यासाठी आहेत, हे कळलं की तो किचकट मेनू बराच सोपा वाटू लागतो.

हवा अशी मोकळी होती असंही नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार बिनतारी उपकरण परवान्याशिवाय घरात ठेवणंसुद्धा गुन्हा होता. रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन दरवर्षी नवं करून आणल्याची आठवण घरातल्या आजोबांना असेल. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. अट अशी की अँटेनातून निघणारी ताकद ४ वॉटच्या आत हवी आणि अँटेना छपरापासून ५ मीटरपेक्षा उंच नको. आणखी एक अट अशी की दुसऱ्याचा अडथळा झाला तर तक्रार करता येणार नाही. शेजाऱ्याच्या राउटरमुळे आपलं नेट रखडलं म्हणून कुठेही दाद मागता येत नाही, ते यामुळेच.

हा पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. त्यात १ ते १३ अशी चॅनेल आखली आहेत, पण त्यांच्यात अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ आणि एका नेटवर्कला जागा लागते साधारण २०. म्हणजे तेरा ही फसवी संख्या आहे. एकमेकांना न भिडता बसणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११.

इथेच हुशार माणसं फसतात. वायफायची गर्दी दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये पाहतात, १ आणि ६ वर गर्दी, ३ रिकामं. मग ३ लावतात. वायफायचा शिष्टाचार असा आहे की प्रत्येक राउटर बोलण्याआधी ऐकतो. त्याच चॅनेलवर दुसरा बोलत असेल तर थांबतो, मग काही मायक्रोसेकंदांची यादृच्छिक वाट पाहून आपला नंबर लावतो. एकाच चॅनेलवर चार राउटर असले तर वेग कमी होतो, पण कारभार शिस्तीत चालतो. ३ वरच्या राउटरचं बोलणं मात्र १ वरच्याला अर्धवट ऐकू येतं. ते वायफायचं बोलणं आहे हेच त्याला उमगत नाही, नुसता गोंगाट वाटतो. दोघं एकमेकांवर बोलत राहतात, माहितीची पाकिटं बिघडतात, पुन्हा पाठवावी लागतात. रिकामं दिसणारं ३ अशा रीतीने १ आणि ६ दोन्हीकडच्या लोकांची रात्र खराब करतं आणि स्वतःचीही.

मग चॅनेल ‘ऑटो’ ठेवावं का? ठेवायला हरकत नाही, पण बरेच साधे राउटर चॅनेलची निवड फक्त चालू होताना करतात. दुपारी वीज जाऊन आली, की तो उठतो तेव्हा निम्म्या घरांत नेटवर कुणी नसतं आणि त्या सामसुमीच्या हिशोबाने घेतलेला निर्णय रात्रीच्या क्रिकेट सामन्यालाही लागू राहतो. त्याच पानावर ‘चॅनेल रुंदी’ असते. २.४ वर तिथे ४० मेगाहर्ट्झ निवडणं म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन जागा एकट्याने अडवणं. दाटीच्या वस्तीत २० च ठेवावी. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क जरूर करावं, पण हौसेखातर चार-चार नावं चालू ठेवू नयेत. प्रत्येक नाव दर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपण हजर असल्याची घोषणा करतं, तीही सगळ्यात संथ वेगात.

सोलापूरचा म्हणून एक खास अडथळा आहे: पाणी. नळाला पाणी रोज येत नसल्याने इथल्या घरांत साठवण भरपूर. गच्चीवर टाकी, जिन्याखाली हौद, मोरीत पिंपं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचा बहुतेक जोर काही सेंटिमीटर पाण्यातच संपतो. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला गेल्यावर नेट का मिळत नाही, याचं उत्तर स्लॅबमधल्या सळ्यांत जेवढं आहे तेवढंच वाटेतल्या भरलेल्या टाकीतही असू शकतं. राउटर दोन हात सरकवला तर सुटणाऱ्या तक्रारीसाठी लोक उगाच महागडा एक्स्टेंडर आणतात.

पासवर्डबद्दल थोडक्यात. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद बाँबस्फोटांच्या वेळचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतरचे तसे ई-मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून गेले. पोलीस आधी पोहोचले ते या वायफायच्या मालकांच्या दारात. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. आज सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडावं. कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाने पासवर्ड म्हणून तुमचाच मोबाइल नंबर टाकला असेल तर तो बदलावा. पिन टाकून उपकरण जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी: त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं आहे.

आता राउटरचा दुसरा पट्टा, ५ गिगाहर्ट्झ. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने या भागातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ आपल्याकडे परवानामुक्त केले, म्हणजे जुन्या पट्ट्याच्या सातपट जागा. पण या जागेत आधीपासूनचे रहिवासी आहेत आणि त्यांपैकी एक चक्क सोलापुरातच काम करत होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत कृत्रिम पावसाचा ‘कायपीक्स’ प्रयोग केला, तो पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यावर. विमानातून निवडक ढगांत बीजारोपण करायचं, काही ढग मुद्दाम तसेच सोडायचे आणि पावसातला फरक पाहायचा. निष्कर्ष निघाला सरासरी सुमारे १८ टक्के वाढीचा. एवढासा फरक पकडण्यासाठी जमिनीवर पर्जन्यमापक होते आणि ढगांवर नजर ठेवायला सी-बँड रडार.

सी-बँडची हवामान रडारं साधारण ५.६ गिगाहर्ट्झला चालतात. तरंगलांबी पाच सेंटिमीटरच्या जरा वर. रडार एक जबरदस्त स्पंद सोडतं आणि मग थेंबांवरून परत येणारा अतिशय क्षीण प्रतिध्वनी ऐकत बसतं. राउटरच्या यादीतली १२०, १२४ आणि १२८ ही चॅनेल नेमकी तिथेच आहेत. रडार ऐकत असताना एखादं वायफाय त्याच वारंवारतेवर बोलू लागलं, तर रडारच्या चित्रात केंद्रापासून कडेपर्यंत एक पट्टा उमटतो आणि पाऊस नसलेल्या दिशेला पाऊस दिसू शकतो. पोर्तो रिकोत सान हुआनच्या विमानतळाजवळच्या हवामान रडारला २००९ मध्ये हाच त्रास झाला आणि अमेरिकी यंत्रणांना एकेक बिनतारी उपकरण हुडकत फिरावं लागलं.

या भांडणावर तोडगा खरं तर त्याआधीच, २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरला होता. वायफायने ५ गिगाहर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात यावं, पण रडारला वाट द्यावी. या सोयीला डीएफएस म्हणतात. राउटरने अशा चॅनेलवर बोलण्यापूर्वी किमान ६० सेकंद नुसतं ऐकायचं. युरोपात तर हवामान रडारच्या चॅनेलांसाठी ही मुदत १० मिनिटांची आहे. चालू असताना रडारचे स्पंद जाणवले तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही.

म्हणून सेटिंगमधला ‘देश’ हा रकाना दिसतो तितका निरुपद्रवी नाही. कुठल्या चॅनेलवर किती ताकद आणि कुठे डीएफएस, हे राउटर त्यावरून ठरवतो. अमेरिकेतल्या मुलाने आणलेला राउटर तिकडच्याच नियमांनी चालत राहतो आणि जास्त रेंज मिळते या ऐकीव माहितीवर भलताच देश निवडणारेही असतात. तिथे ‘इंडिया’ असावं. रडारच्या वाट्याला जायचंच नसेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ ही चॅनेल घ्यावीत. तिथे डीएफएस लागत नाही. पण सगळे हाच विचार करत असल्याने तिथे गर्दी असते आणि ५२ ते ६४ अनेकदा मोकळं सापडतं.

त्या मोकळ्या चॅनेलवर असलात तर वीज जाऊन आल्यावर २.४ चं नाव लगेच दिसेल आणि ५ चं दिसणार नाही. राउटर बिघडलेला नसतो, तो रडार आहे का ते ऐकत असतो. अशा वेळी वैतागून बटण बंद-चालू केलं, की त्याला ते मिनिट पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.