कवेलू मृगाआधीच फेरावीत

विदर्भात कवेलूंची घरे आता विरळ झाली. परंतु ज्यांचे आयुष्य त्या घरांत गेले, त्यांना एक शिस्त अजून आठवत असेल. रोहिणी नक्षत्र सरत आले, की घरावर माणूस चढे. फुटलेली कवेलू बदलली जात, सरकलेली पुन्हा जागेवर बसवली जात. त्या दिवशी घर गळत नसे, आकाशात ढगही नसे. तरीही हे काम कोणी टाळत नसे. कारण मृगाची पहिली सर कोसळल्यावर छपरावर चढणे धोक्याचे आणि तोवर घरातले धान्य भिजून गेलेले, हे सर्वांस ठाऊक होते. घराविषयी जे शहाणपण आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळले, ते देहाविषयी मात्र पुरते अंगी बाणले नाही. देहाचे छप्पर आपण गळू लागल्यावरच पाहतो.

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या गावाचा विचार करावा. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कापूस आणि तुरीची शेते. मुलगा कारखान्यात पाळीवर, सून शेतात किंवा नोकरीवर, नात महाविद्यालयात आणि ओसरीवर आजी-आजोबा, असे घर येथे नवलाचे नाही. या घरातील प्रत्येकाच्या देहाची निगा निराळी आहे; परंतु सर्वांच्या तोंडी वाक्य एकच असते: ‘काही दुखत नाही, मग दाखवायचे कशाला?’

न दुखणारे दुखणे

या प्रश्नाचे उत्तर असे, की ज्या विकारांनी प्रौढ माणसे आज अधिक दगावतात, ते प्रारंभी दुखत नाहीत. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे मुका राहतो. मधुमेह डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे हळूहळू पोखरत असतो. माणसाला मात्र थोडा थकवा तेवढा जाणवतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेला होता. पण वयाबरोबर तो वाढायचाच, असे त्या काळी पुष्कळ डॉक्टरही मानत. १९४८ मध्ये फ्रॅमिंगहॅम या गावात पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची दीर्घकाळ पाहणी सुरू झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान हे हृदयविकाराचे आगाऊ इशारे आहेत, हे त्या पाहणीतून स्पष्ट होत गेले. प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा म्हणजे हे इशारे वेळीच वाचणे.

अठरा ते तीस : पाया

घरातील तरुण नातवंडांच्या दोन तपासण्या लग्नाआधीच व्हाव्यात. पहिली हिमोग्लोबिनची. स्त्रियांत ते १२ ग्रॅमच्या आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली असेल, तर तो पंडुरोग समजावा. दुसरी सिकलसेलची. विदर्भातील अनेक समाजांत हा आनुवंशिक दोष आढळतो. वधू-वर दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः बहुधा निरोगीच असतो. म्हणून तपासणीवाचून हे कळत नाही. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे आणि तीत चाळिशीपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते. पत्रिकेतले गुण जुळवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा एक गुणही जुळवावा, ही विनंती.

किशोरवयीन नातीसाठी एचपीव्ही लसीविषयीही डॉक्टरांना विचारावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून ती रक्षण करते आणि विवाहापूर्वीच्या वयात सर्वाधिक गुणकारी ठरते.

तीस ते पंचेचाळीस : मोजमापाचा काळ

तिशी उलटली, की वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तशर्करा आणि कमरेचा घेर मोजावा. रक्तदाब निरनिराळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक राहिला, तर उपचाराचा विचार लागतो. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. ती १२६ वा अधिक आली, तर मधुमेहाची खात्री करून घ्यावी. भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ लागली, की सावध व्हावे.

विदर्भाचे खास संकट म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी गालात धरण्याची सवय कित्येक घरांत तरुणांपासून वृद्धांपर्यंत आढळते. तोंड पूर्वीइतके उघडेनासे होणे, तिखट लागताच आग होणे, पांढरा वा लाल चट्टा दिसणे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम होणे, ही तिची धोक्याची चिन्हे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरी पाहता येते. जात नसतील, तर दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. केरळमधील एका मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडाची तपासणी केली, तेव्हा तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. साठीनंतर सोडूनही लाभ होतो. ‘आता या वयात काय’ हा समज खरा नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आपल्याच राज्याने जगाला पुरावा दिला आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून खेड्यांतील तीस ते एकोणसाठ वर्षांच्या सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी एकदाच केली गेली, तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने प्रशिक्षित स्त्रियांकडून सौम्य ॲसिटिक आम्ल लावून साधी तपासणी करविली. तेथेही हे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात हाताने केलेल्या स्तनतपासणीचा लाभ पन्नाशीपुढील स्त्रियांना विशेष झाला. या तपासण्यांना महागडे यंत्र लागले नाही. संकोच बाजूला ठेवणारी स्त्री आणि तिला सोबत घेऊन जाणारे माणूस लागले. सासूने सुनेला आणि सुनेने सासूला नेले, तर हा संकोच निम्मा होतो.

पंचेचाळीस ते साठ : कामाचा देह

या वयात माणूस कुटुंबाचा कणा असतो आणि म्हणूनच स्वतःकडे सर्वाधिक दुर्लक्ष करतो. मधुमेह असेल, तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि तळपाय तपासून घ्यावेत. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो ‘उष्णतेमुळे’ समजून घरी थांबू नये.

शेतकरी घरांना यवतमाळ जिल्ह्याने एक जबर धडा दिला आहे. २०१७ मध्ये कापसावरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन येथील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करू नये. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नयेत. हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, मध्येच खर्रा किंवा शिदोरी खाऊ नये आणि घरी येताच अंग धुऊन कपडे वेगळे धुवावेत. घाम, लाळ, उलट्या, अंधुक दिसणे किंवा दम लागणे यांपैकी काही जाणवले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी. घरातल्या वृद्धांनी हे कपडे साबणाशिवाय, उघड्या हाताने धुऊ नयेत.

साठीनंतर : पडू न देणे

ज्येष्ठ वाचकहो, आपल्या वयात एक साधे पडणेही आयुष्याची दिशा बदलते. मांडीचे हाड मोडल्यावर अंथरूण, अंथरुणामुळे अशक्तपणा आणि त्यातून पुन्हा आजार, ही साखळी तोडायची ती पहिल्याच कडीला. न्हाणीघरात दांडी आणि खरखरीत फरशी, रात्री वाटेवर मंद दिवा, पायांत घट्ट बसणारी पादत्राणे एवढी व्यवस्था घरच्यांनी या महिन्यातच करावी. रक्तदाब बसून मोजतात, तसा उभे राहूनही मोजून घ्यावा. उठताच तो फार उतरत असेल, तर चक्कर येण्याचे कारण तेथे असू शकते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि ज्येष्ठांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. खुर्चीची पाठ धरून एका पायावर काही क्षण उभे राहणे, ही त्याची सुरुवात होऊ शकते.

मोतीबिंदू आणि बहिरेपण यांना म्हातारपणाचा नैवेद्य मानून स्वीकारू नये. ऐकू न येणारा माणूस संभाषणातून मागे सरतो, मग माणसांतून. भूक मंदावणे, झोप उडणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन न रमणे हीसुद्धा लक्षणेच आहेत. त्यांना ‘हट्ट’ म्हणू नये. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक घरात दिसतील असे लिहून ठेवावेत.

फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांशी बोलावे. ताटात भाकरीबरोबर घट्ट वरण, दही वा अंडे असावे, कारण नुसत्या भाकरी-चहावर स्नायू टिकत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे त्यांनी उन्हाळा लागण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून प्रमाण ठरवून घ्यावे. स्वतःहून गोळी बंद करू नये.

सर्वच तपासण्या हव्यात का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिरातींत ऐंशी-नव्वद चाचण्यांची यादी असते. त्यांतील बऱ्याच चाचण्या लक्षणे नसलेल्या माणसाला अनावश्यक असतात. एखादा आकडा किंचित पुढे-मागे आला, की चिंता आणि पुढच्या चाचण्यांचा खर्च सुरू होतो. फार थकलेल्या वृद्धाची साखर तरुणाइतकी काटेकोर ठेवण्याचा अट्टाहासही घातक ठरू शकतो, कारण साखर एकाएकी उतरल्यास शुद्ध हरपते आणि माणूस पडतो. अशा वेळी डॉक्टर मर्यादा थोडी सैल करतात; तो निष्काळजीपणा नव्हे. वर्षातून एकदा घरातील सर्व गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि ‘यांतली कोणती आता नको?’ असे विचारावे. अनेकदा ही पिशवी एखाद्या नव्या चाचणीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

आजारी वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणारी व्यक्ती, बहुधा सून, लेक किंवा स्वतः साठी गाठलेली पत्नी, आपली तपासणी सतत पुढे ढकलते. तिचीच कंबर धरते, तिचाच रक्तदाब वाढतो. म्हणून एक नियम घरात ठरवावा: वृद्धाला तपासायला नेले, त्या दिवशी नेणाऱ्याचाही रक्तदाब मोजायचा. त्याला वेगळी फेरी लागत नाही. आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कोणी घर सांभाळावे. ती सवड म्हणजे चैन नव्हे, औषधच आहे.

या साऱ्याला फार पैसा लागतो असेही नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढील व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह आणि प्रमुख कर्करोगांची प्राथमिक तपासणी विनामूल्य होते. आशाताई त्यासाठीची माहिती घरी येऊन भरून घेतात. पुढील उपचारांसाठी यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय लोहाऱ्याहून दूर नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे आहे. दाखल होण्याची वेळ येऊ न देणे, हे काम घराचेच राहते.

तेव्हा आज एक साधी वही घ्यावी. घरातील प्रत्येकासाठी एक पान राखावे आणि त्यावर वय, रक्तदाब, साखर, चालू औषधे आणि पुढील तपासणीचा महिना लिहावा. हे पान कोणाही डॉक्टरांपुढे उघडता येईल आणि मुलगा परगावी असला, तरी शेजाऱ्याला ते वाचून दाखवता येईल. पहिले पान कोणाचे, यावर वाद नको. जो माणूस ‘मला काही झालेले नाही’ असे सर्वांत मोठ्याने म्हणतो, त्याच्यापासूनच आरंभ करावा.