जुनी पद्मिनी, आपला पाना की मिस्त्रीची मजुरी? हिशोब असा करा

मागच्या व्हिडिओत मी माझी जुनी प्रीमियर पद्मिनी दाखवली आणि पुढचे चार दिवस एकच प्रश्न येत राहिला. "सर, दुरुस्ती घरीच करता की मिस्त्रीकडे नेता?" व्हिडिओत एवढं सांगायला वेळ पुरला नसता, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

प्रश्न गाडीचा वाटतो, पण तो धंद्याचाही आहे. दुकानाची वायरिंग, जीएसटीचं रिटर्न, पाटीचं रंगकाम, हिशोबाची वही, सगळीकडे आपण हेच विचारतो: स्वतः करू की पैसे देऊन करून घेऊ? आणि बहुतेक वेळा उत्तर चुकतं, कारण आपण फक्त मजुरीचा आकडा बघतो.

आधी माझी चूक सांगतो

गाडी वडिलांची. स्टिअरिंगखाली गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. मागच्या एका चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं. मिस्त्रीने मजुरी सांगितली ८०० रुपये. मी म्हटलं, रबराचं किट दीडशेचं, काम दोन नटांचं, ८०० कशाला द्यायचे? रविवारी अंगणात बसलो, व्हिडिओ बघितले, व्हील सिलेंडर खोलला, नवे कप बसवले, हवा काढली. पेडल दगडासारखं कडक लागलं. मनातून लय खूश झालो.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन पुसदकडे निघालो. एका उतारावर पुढे ट्रॅक्टर होता. ब्रेक दाबला तर पेडल थेट पायाखाली गेलं. हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला आणि गाडी रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगाऱ्यात घातली. कुणाला लागलं नाही. आई मागच्या सीटवर होती. ती काही बोलली नाही, फक्त घट्ट धरलेली पिशवी तिने बराच वेळ सोडली नाही.

मिस्त्रीकाकांनी चाक खोललं आणि कारण पाच मिनिटांत सापडलं. कप बसवताना मी स्क्रू-ड्रायव्हरने ढकलला होता आणि त्याची नाजूक कड चिरली गेली होती. अंगणात दोन-चारदा पेडल दाबून ते कळलं नाही. रस्त्यावर पुन्हा पुन्हा दाब पडला, तसं तेल बाहेर आलं. ब्रेकचं सगळं काम त्या तेलाच्या दाबावर चालतं. आमच्या गाडीला चारही चाकांसाठी तेलाची एकच लाइन आहे, म्हणजे एका चाकाला गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक गेला.

काका काय म्हणाले ते त्यांच्याच भाषेत लिहितो. "कार्बोरेटर चुकला तं गाडी उभी राह्यते भाऊ. ब्रेक चुकला तं गाडी उभी राहत नाही. एवढं ध्यानात ठेव, बाकी खुशाल खोल."

व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मला हे वाक्य जास्त उपयोगी पडलं.

पायरी १: वहीत तीन रकाने करा

काम सोपं की अवघड, हे आधी विचारू नका. ते चुकलं तर काय होईल, हे विचारा.

पहिला रकाना: चुकलं तर गाडी उभी राहील. स्पार्क प्लग साफ करणं, काँटॅक्ट पॉइंट घासून त्यातलं अंतर लावणं, एअर फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज, दिवे, कार्बोरेटरची वरवरची सफाई. ही कामं बिनधास्त शिका. गाडी चालू झाली नाही तर फार तर ढकलत घरी आणाल. फक्त कार्बोरेटर उघडताना आजूबाजूला विडी-काडी नको. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

दुसरा रकाना: चुकलं तर खर्च वाढेल. टॅपेट, टायमिंग, क्लच, गिअर बॉक्स, हेड गॅस्केट. इथे जीव जात नाही, पण ६०० वाचवायला जाऊन ६,००० घालवण्याची सोय असते. ही कामं मिस्त्रीकडे द्या, पण शेजारी उभे राहून बघा.

तिसरा रकाना: चुकलं तर जीव जाईल. ब्रेक, स्टिअरिंग, चाकाचे बेअरिंग, पेट्रोलची लाइन. इथे मजुरी वाचवायची नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं याच रकान्यात येतं. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. धरून ठेवायला स्टँड लागतो.

पेट्रोलच्या लाइनबद्दल एक गोष्ट वेगळी सांगतो. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते. ते मऊ पडतात, फुगतात, चिरतात. तपासायचं काम तुमचं: महिन्यातून एकदा बोनेट उघडा, पाइपला हात लावून बघा, वास घ्या. बदलायचं काम मिस्त्रीचं.

पायरी २: आपल्या तासाची किंमत काढा

समजा तुमच्या दुकानातून सगळा खर्च जाऊन महिन्याला ३९,००० रुपये उरतात. महिन्याला २६ दिवस, रोज १० तास, म्हणजे २६० तास. भागाकार करा: तासाला १५० रुपये.

आता कार्बोरेटरची सफाई घ्या. मिस्त्री ६०० रुपये मागतो. तुम्हाला पहिल्यांदा ५ तास लागले, म्हणजे ७५० रुपयांचा वेळ गेला. १५० चा तोटा! पण हेच काम तिसऱ्यांदा दीड तासात झालं तर २२५ रुपयांत पडलं. म्हणून नियम असा: जे काम पुन्हा पुन्हा येणार आहे तेच शिका. पॉइंट आणि प्लग वर्षातून दोन-तीनदा बघावे लागतात, शिकण्याचा खर्च वसूल होतो. गिअर बॉक्स दहा वर्षांतून एकदा खोलावा लागतो, तो शिकून काय करणार?

पायरी ३: तासाची किंमत वर्षभर सारखी नसते

इथे बरेच जण फसतात. १५० हा सरासरी आकडा आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बाजार कापूस आणि सोयाबीनवर चालतो. ऑगस्टमध्ये शेतकऱ्याचा पैसा वावरात गुंतलेला असतो, दुकानात माशा मारायची वेळ येते. तेव्हा तुमचा तास कदाचित ५० रुपयांचाही नसेल. खुशाल पाना हातात घ्या.

दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा आणि मागून कापसाचा पैसा बाजारात येतो. तेव्हा काउंटर सोडून गाडीखाली पडलात तर ४००-५०० रुपयांचा तास धुळीत घालता, आणि तुटलेलं गिऱ्हाईक वेगळंच. वणी असो, पुसद असो की दारव्हा, आठवडी बाजाराच्या दिवशी तर गाडीकडे बघायचंही नाही.

म्हणजे तेच काम, तीच मजुरी, पण ऑगस्टमधलं उत्तर वेगळं आणि नोव्हेंबरमधलं वेगळं. मी पद्मिनीची किरकोळ कामं पावसाळ्यातल्या रिकाम्या दुपारी काढतो. दिवाळीच्या तोंडावर काही बिघडलं तर गुपचूप मजुरी देतो.

आणि रविवार? दुकान बंद आहे आणि तुम्हाला गाडीत हात घालून आनंद मिळतो, तर तो तास छंदाच्या खात्यात लिहा. छंदाला तोटा नसतो. पण छंदाला "बचत" म्हणू नका. बायको विचारेल आणि हिशोब जुळणार नाही.

पायरी ४: मजुरी कशाची असते ते समजून घ्या

प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये ही गाडी फियाट ११०० डिलाइट या नावाने आणली, १९७४ मध्ये तिचं पद्मिनी झालं, आणि २००० च्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज-६ आलं, तशा नव्या दुचाकीसुद्धा कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या.

याचा अर्थ काय? आज गॅरेजमध्ये येणारा विशीतला पोरगा स्कॅनर लावून दोष वाचतो. त्यात त्याची हुशारी आहेच, पण इंजिनचा आवाज ऐकून "पॉइंट चिकटलेत" म्हणणारे हात कमी होत चालले आहेत. मिस्त्रीकाकांनी माझ्या चाकाला दिली ती पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांमागे चाळीस वर्षं आहेत. मजुरी त्या वर्षांची असते.

आपल्याकडची शकुंतला रेल्वे आठवा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत यवतमाळच्या लाइनवर चाललं. लोखंड तेवढं मजबूत होतंच, पण रोज त्याची नस ओळखणारी माणसं होती म्हणून ते टिकलं. जुनं यंत्र जाणकार माणसावर टिकतं. म्हणून मिस्त्रीच्या मजुरीत घासाघीस करू नका. त्याऐवजी हे करा:

- गाडी नेण्याआधी लक्षणं कागदावर लिहा. आवाज कधी येतो, थंड असताना की गरम झाल्यावर? त्याचा शोधण्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात.
- गर्दी नसलेल्या दिवशी जा, आणि थांबा.
- सुटा भाग आधी पक्का करा. मिळाला नाही तर नागपूरची फेरी म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ३०० किलोमीटर, दिवस गेला. तो दिवसही हिशोबात धरा.
- एक तासाचे वेगळे पैसे देऊन सांगा, "काका, आज हे मला शिकवा." मी असंच पॉइंट लावायला शिकलो.
- बिल घ्या, फाइलला लावा.

कागदांचा खर्च विसरू नका

हाताने दुरुस्ती करणारे हा खर्च हमखास विसरतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरील चारचाकीची नूतनीकरण फी १०,००० रुपये केली. पर्यावरण कर वेगळा. तपासणीत ब्रेक, दिवे, हॉर्न सगळं बघतात. "व्हिंटेज" म्हणून वेगळी नोंदणी हवी तर पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली लागतात. १९८५ च्या गाडीला त्यासाठी २०३५ उजाडेल. तोवर कायद्याच्या नजरेत ती फक्त जुनी गाडी.

आता हेच धंद्याला लावा

रोजची कॅशबुक, मालाची मोजणी, गिऱ्हाइकाला फोन: चुकलं तरी दुरुस्त होतं, आणि रोज करायचं आहे. स्वतः शिका. जीएसटी रिटर्न, कर्जाची कागदपत्रं: चुकलं तर दंड. जाणकाराला द्या, पण शेजारी बसून समजून घ्या. दुकानाची वायरिंग, गॅसची जोडणी: चुकलं तर आग. तिथे आपली हुशारी दाखवायची नाही.

सगळं स्वतः करणारा माणूस काटकसरी दिसतो, पण त्याचा दिवस कुठे जातो ते त्यालाच कळत नाही. सगळं बाहेर देणाऱ्याला आपल्याच धंद्याचा आवाज ओळखू येत नाही. दोघांनाही शेवटी गाडी ढकलावी लागते.

आमच्याकडे आता वाटणी ठरलेली आहे. प्लग, पॉइंट, दिवे माझे. ब्रेक आणि स्टिअरिंग काकांचं, आणि त्यांनी स्वतः उतारावर चालवून बघितल्याशिवाय आई गाडीत बसत नाही. मला विचारत नाही, त्यांनाच विचारते.

गृहपाठ: आज रात्री दुकान बंद केल्यावर वहीत तीन रकाने आखा. मागच्या महिन्यात स्वतः केलेली दहा कामं त्यात टाका आणि प्रत्येकापुढे लागलेले तास लिहा. तिसऱ्या रकान्यात एकही काम सापडलं, तर उद्या सकाळी पहिला फोन त्याच्या जाणकाराला.